पाच पटर आणि टेपचं दुसरं टोक

"रविवारी दुपारी बाराच्या आत निकाल! कागदावर, सहीनिशी!" मिलिमीटर साहेबांनी फोनवर धाकट्या बहिणीला ठणकावून सांगितलं.

"कसला निकाल, दादा? कोणाशी भांडण झालं का?"

"भांडायला घरात माणूस लागतं गं! निकाल पटरचा. पाचांतली कोणती चांगली, त्याचा."

बहिणीने लगेच जेवणाबद्दल विचारलं. दादाचं काही कळलं नाही की ती जेवणाबद्दल विचारायची.

साहेब बत्तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा तराजू केसभर कलला, तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटायची. मिलिमीटर हे नाव कचेरीनेच ठेवलेलं. निवृत्तीच्या दिवशी त्याच कचेरीने त्यांना एक खोकं भेट दिलं. आत पाच रंगांच्या पाच चकत्या! साहेबांनी दोन दिवस त्यात बिस्किटं खाल्ली. तिसऱ्या दिवशी, या ताटल्यांचा काठ खालच्या बाजूला का वळलाय, असा प्रश्न पडला, तेव्हा कुठे त्यांनी खोक्यातला कागद वाचला.

तर तो होता डिस्क गोल्फ नावाचा खेळ. मैदानात लोखंडी खांबावर साखळ्यांची टोपली असते. लांबून चकती फेकत फेकत, कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. पटर म्हणजे जाड काठाची, संथ उडणारी चकती. खरं तर ती शेवटच्या चार पावलांसाठी. पण ती उगाच भरकटत नाही, म्हणून जाणकार लोक पहिली आखूड फेकही तिनेच करतात आणि टोपलीजवळ अलगद टेकवायलाही तीच वापरतात. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात अशी एक टोपली होती. कोणीतरी कधीतरी हौसेने बसवलेली, आता पाखरांच्या ताब्यात गेलेली.

साहेबांना हे फार आवडलं. एकट्याने खेळता येतं! बायको जाऊन चार वर्षं झाली होती. कचेरी होती तोवर दिवस निदान पाचपर्यंत तरी भरलेला असायचा. आता सकाळचे दहा वाजले की पुढचा सगळा दिवस रिकाम्या गोदामासारखा समोर उभा राहायचा.

महिनाभरात त्यांची पाचही चकत्यांशी ओळख झाली. लाल मऊ, गवतात पडली की तिथेच बसायची. पिवळी टणक, जमिनीवर आपटून पुढे घसरत जायची. निळी शेवटी शेवटी डावीकडे कलायची, हिरवी वाऱ्याचं ऐकायची, पांढरी सरळमार्गी. पण "वाटतं" हा शब्द निरीक्षकाला चालत नाही! मोजलं पाहिजे. चाळीस मीटरवरून वीस फेकी, वीस मीटरवरून वीस फेकी, प्रत्येक चकतीच्या. टोपलीपासून किती लांब पडली ते टेपने मोजायचं. सोपं काम.

अडचण एकच. टेपला टोकं दोन असतात आणि साहेब एक होते.

आधी त्यांनी टेपचं टोक खुंटीला अडकवलं. तीस मीटर चालत गेल्यावर खुंटी उपटून आली आणि टेप सापासारखी सळसळत परतली, ती थेट चष्म्यावर! डाव्या काचेचे तीन तुकडे. चष्मेवाला म्हणाला, "सोमवारी मिळेल."

मग त्यांनी माणूस शोधला. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना रविवारी झोप होती. समोरच्यांकडे पाहुणे होते. तळमजल्यावरच्या बाईंनी दार न उघडताच, "आम्हाला काही घ्यायचं नाही!" असं सांगितलं.

शेवटी साहेब कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानाबाहेर खडूने लिहायचा फळा होता.

"लिहा," साहेब म्हणाले. "पाच पटर चकत्यांच्या आखूड फेकींची तुलना करावयाची असल्याने, टेपचे दुसरे टोक धरण्यासाठी रविवारी सकाळी सात वाजता टाकीमागील मैदानात सोबत हवी."

दुकानदाराने फळ्याकडे पाहिलं, खडूच्या तुकड्याकडे पाहिलं. "लिहिलं, साहेब!" तो म्हणाला.

फळ्यावर पांढरं काहीतरी दिसत होतं. चष्मा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांनी तपासल्याशिवाय मान डोलावली.

रविवारी सातला मैदानात सात माणसं उभी होती!

"फळा वाचून आलात?" साहेबांनी डोळे बारीक करून विचारलं.

"हो!" सातही जण एका सुरात म्हणाले.

साहेबांना गहिवरून आलं. वजनमापाबद्दल लोकांना एवढी आस्था! "पण टेपला टोकं दोनच आहेत हो," ते म्हणाले. लोकांना वाटलं हा विनोद आहे. सगळे मनापासून हसले.

एका निवृत्त शाळामास्तरीण बाईंनी पुढे होऊन वही मागून घेतली. "लिहायचं काम माझं. अक्षर बघा माझं." टेपचं टोक आलं दातांच्या एका डॉक्टरांकडे. तेही निवृत्त. एक बसचालक आपला कुत्रा घेऊन आले होते. त्यांनी चकत्या उचलून आणायचं कबूल केलं. बाकीचे चौघे बाकावर बसले आणि एकमेकांची विचारपूस करू लागले.

पहिला तासभर काम झकास चाललं. साहेब फेकत होते, बाई लिहीत होत्या. मग डॉक्टर बोलू लागले. "चाळीस वर्षं मी लोकांना तोंड उघडा म्हणालो. आता माझ्याशी बोलायला कोणी तोंड उघडत नाही!" बोलता बोलता त्यांच्या हातातलं टोक दोन मीटर डावीकडे सरकलं.

"डॉक्टर, टोक!"

"हो हो. तर काय सांगत होतो..."

"माझ्या मागे रोज पन्नास माणसं बसायची," बसचालक म्हणाले. "पण पाटी लावलेली, चालकाशी बोलू नये. एकोणतीस वर्षं!" तेवढ्यात कुत्र्याने हिरवी चकती पळवली. ती परत आली तेव्हा तिचा काठ करवतीसारखा झाला होता. बाकावरच्या एका काकांनी, "मी टाकून बघू?" म्हणत लाल भिरकावली, ती टाकीच्या माथ्यावर! आणि पिवळीत कोणीतरी बिस्किटं मांडली. ती ताटली हातोहात फिरू लागली.

"अहो ती पटर आहे!"

"घ्या ना, साहेब. कुरकुरीत आहेत."

साहेबांच्या डोक्यात रक्त चढलं. "बास!" ते ओरडले. "हा काय पोरखेळ लावलाय? मला सोबतबिबत नको होती! टेपचं टोक धरायला माणूस हवा होता, एक! गप्पा मारायला घरं नाहीत का तुम्हाला?"

फिरणारी ताटली जागीच थांबली. कुत्रासुद्धा खाली बसला.

"घरं आहेत," मास्तरीण बाई हळू म्हणाल्या. "म्हणूनच तर आलो."

डॉक्टरांनी टेपचं टोक जपून गवतावर ठेवलं. कोणीतरी पिवळी चकती रुमालाने पुसून साहेबांच्या हातात दिली. एकेक करून सगळे निघून गेले. बारा वाजले तेव्हा साहेब बाकावर एकटेच बसले होते. निकाल लागला नव्हता आणि वहीसुद्धा कुठे दिसत नव्हती.

सोमवारी चष्मा मिळाला. साहेब तरातरा दुकानाकडे निघाले, दुकानदाराला फैलावर घ्यायला. फळ्यासमोर येऊन थांबले. फळ्यावर एवढंच होतं: "सोबत हवी. रविवार सकाळी सात. टाकीमागचं मैदान."

"खडू संपत आला होता, साहेब," दुकानदार चाचरत म्हणाला. "म्हटलं, मुद्द्याचं तेवढं लिहावं."

साहेबांनी ते तीनदा वाचलं. हे वाचून सात माणसं लवकर उठली होती, नीट कपडे घालून आली होती, बिस्किटं घेऊन आली होती. आणि आपण त्यांना विचारलं, घरं नाहीत का!

"चुकलं का काही?" दुकानदाराने विचारलं. "पुसू?"

"नको," साहेब म्हणाले. "तसंच राहू द्या. खाली फक्त 'परत' लिहा. आणि 'माफ करा' लिहा. मोठ्या अक्षरात. खडू मी आणून देतो."

पुढच्या रविवारी ते साडेसहालाच मैदानात पोचले. सात वाजले. सव्वासात. पाखरं टोपलीवर येऊन बसली आणि उडून गेली. साडेसातला साहेबांनी उगाचच घड्याळाला किल्ली दिली. पावणेआठला फाटकातून एकट्या मास्तरीण बाई येताना दिसल्या. हातात वही.

"बाकीचे?" साहेबांनी विचारलं.

"रुसलेत. मीही रुसणार होते. पण तुमची वही चुकून माझ्या पिशवीत गेली होती. दुसऱ्याची वही ठेवून रुसता येत नाही." त्यांनी वही पुढे केली. "आठवडाभर दुसरं काम नव्हतं. झाल्या तेवढ्या फेकींची सरासरी काढून ठेवलीय."

साहेबांनी घाईघाईने पान उघडलं. "मग? कोणती जिंकली?"

"पाचही सारख्याच. वीतभराचाही फरक नाही. एकच चकती एकदा इथे पडते, एकदा तिथे." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दोष हातात आहे. शेऱ्यात लिहिलंय तसं."

शेऱ्यात खरंच लिहिलं होतं, लाल शाईने, अधोरेखित: सरावाची गरज.

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "थोडा वेळ बसाल?" त्यांनी विचारलं. असं काही विचारायची सवय नसल्याने ते जरा हुकूम दिल्यासारखंच झालं.

बाई बाकावर बसल्या. साहेबांनी पांढरी, सरळमार्गी चकती उचलली, पवित्रा घेतला आणि सगळा जीव ओतून फेकली. चकती टोपलीला वळसा घालून थेट काटेरी झुडपात घुसली.

"मी आणायला जाणार नाही हं," बाई म्हणाल्या. "गुडघे दुखतात."

साहेब स्वतःच गेले. झुडपात वाकून शिरण्याआधी त्यांनी मागे वळून बघितलं, बाई बसल्या आहेत की गेल्या ते.

बसल्या होत्या. साहेबांनी चकती शोधायला मुद्दामच फार वेळ लावला नाही.