आचमनाच्या पळीची भोवरी

आमच्या अंबागेटजवळच्या गल्लीत आचमन करायला चहाचा चमचा वापरणारा एकच ब्राह्मण होता, आणि तो म्हणजे आमचे शेजारी नाना पाठक. ओसरीवर पाट मांडून, दांडीवर गुलाबाचं फूल कोरलेल्या चमच्याने ते केशवाला, नारायणाला आणि माधवाला एकेक चमचा पाणी द्यायचे. त्यात साखर घालायची तेवढी बाकी असायची.

नाना वकील होते. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्यांची भिक्षुकी. त्यामुळे कोर्टातला युक्तिवादही ते संकल्प सोडल्यासारखा करायचे आणि त्याचं पुण्य बहुधा समोरच्या पक्षाला लागायचं. पण कोर्टात न चाललेला कायदा ते घरी चालवून घ्यायचे. "हे कायद्यात बसत नाही" हे त्यांचं पालुपद. दुधात पाणी असलं तर कायद्यात बसत नसे, माझा रेडिओ रात्री दहानंतर बसत नसे, आणि काकूंनी एकादशीची भगर जरा मऊ केली तर तीही बसत नसे.

या गोष्टीच्या तीन वर्षं आधी त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, श्रीधरने, अकोल्याला लग्न केलं. श्रीधर तिथे कापसाच्या पेढीवर कारकून. मुलगी शांता, दवाखान्यात नर्स, भंडाऱ्याकडच्या तळ्यांच्या मुलखातली, म्हणजे माशाशिवाय घास न उतरणाऱ्या घरातली. पत्र वाचून नाना म्हणाले, "हे लग्न कायद्यात बसत नाही." खरं तर लग्न रजिस्टर पद्धतीने झालेलं. आमच्या गल्लीतली बाकी सगळी लग्नं भटजींच्या भरवशावर उभी होती आणि कायद्यात बसलेलं तेवढं एकच होतं. पण हे वकिलाला सांगणार कोण? नानांनी अकोला वर्ज्य केलं. स्वतः गेले नाहीत आणि काकूंनाही जाऊ दिलं नाही.

असे हे नाना एका फाल्गुनात संध्याकाळी माझ्याकडे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमच्या सायकलचा दिवा चालू हाये का?"

मी हो म्हणालो.

"मंग मले वडाळीच्या तलावावर न्या. अंधार पडल्यावर. मले मरळ धरायची हाये."

मरळ हा मासा असतो याची नानांना कल्पना असेल का, अशी मला शंका आली. होती. एक मरळ पाहिजे, जिवंत पाहिजे, स्वतःच्या हाताने धरलेली पाहिजे आणि महिन्याच्या आत पाहिजे, असा त्यांचा चार कलमी अर्ज होता. कशासाठी, हे विचारायचं नव्हतं. आता ज्याने आयुष्यात कांदासुद्धा चातुर्मास बघून खाल्ला त्याने मासा मागावा, आणि आपण कारण न विचारता त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यावं, यात माझ्याही बुद्धीचा काही पुरावा नव्हता. पण मी नेलं.

कुण्या रिटायर इंजिनीयराने नानांना एक विलायती भोवरी भेट दिली होती. गळाच्या वर एक चमकतं पातं, पाण्यातून ओढलं की गरगर फिरणारं. लहान मासोळी पळते आहे असं वाटून मोठा मासा झडप घालतो म्हणे. ती भोवरी पहिल्याच रात्री बाभळीच्या मुळात अडकून तलावार्पण झाली. दुसऱ्या दिवसापासून नानांनी घरीच कारखाना काढला. कायद्याच्या जाडजूड पुस्तकांवर गळ, तारा आणि शिशाच्या गोळ्या मांडल्या. सतारीची जुनी तार आली. निकालात निघालेल्या दाव्यांच्या लाल फिती सोडून त्यांचे झुपके केले. माशाला भुलवायला म्हणे लाल रंग लागतो. पक्षकार मात्र त्या फितींना आयुष्यभर भुलले होते. झुपका गळाला बांधायचा तो ब्रह्मगाठीने. जानव्याची ही गाठ नाना डोळे मिटून मारायचे. सात पिढ्यांची विद्या अशी अखेर गळाला लागली.

पण पातं काही फिरेना. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं पातं पाण्यात नुसतंच लटकायचं.

तलावावर सखाराम भोई आपली जाळी राखत बसायचा. पहिले वीस दिवस तो आदराने गप्प होता. एकविसाव्या दिवशी त्याला राहवलं नाही. "वकीलसाहेब," तो म्हणाला, "हे मासे तुमचे साक्षीदार नोहोत. तुमी पढवान तसे नाई येणार." मग त्याने आपल्या जाळ्यातली एक मरळ देऊ केली. नानांनी मान हलवली. दुसऱ्याने धरलेली कायद्यात बसत नव्हती. सखारामने कपाळाला हात लावला आणि तरीही पात्याची खोड सांगितली. "सपाट पातं फिरत नाही, साहेब. खोलगट पाह्यजे. पळीवानी."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी आचमनाची पळी करवतीने कापली. वडिलांच्या मुंजीतली तांब्याची पळी, रोज चिंचेने घासून लखलखीत ठेवलेली. "पळीवानी" म्हटल्यावर दुसरी कोणती खोलगट वस्तू घरात आहे का हे बघायचं त्यांना सुचलंच नाही. घरात डाव होते, उलथणी होती, चमचे तर डझनभर होते. वकिलाने साक्षीतला शब्द जसाच्या तसा धरला.

आता घरात महाभारत होणार म्हणून मी ओसरीवर जाऊन बसलो. शेजाऱ्याची तेवढी करमणूक तर झालीच पाहिजे. पण काकूंनी पळीची कापलेली दांडी देव्हाऱ्यात ठेवली, नानांसमोर मुकाट्याने चहाचा चमचा ठेवला, आणि भोवरीचं ते तांब्याचं पातं घेऊन चिंचेने घासायला बसल्या.

मी चाटच पडलो. नाना कोर्टात गेल्यावर काकूंना विचारलं, तेव्हा त्यांनी हात न थांबवता सांगितलं.

"शांतेले सातवा लागला. श्रीधरचं पत्र आलं होतं मले. तिले मरळीचे डोहाळे लागले, माहेरच्या तळ्यातल्यासारखी. अन् माहेरी तिचं कोणीच नाही आता. डोहाळे मंग सासरच्यानं पुरवाचे का नाही? यायले वाचून दाखवलं, तर म्हणे कायद्यात बसत नाही." काकूंनी पातं उन्हात धरून पाहिलं. "अन् त्याच संध्याकाळी तुमच्या सायकलचा दिवा विचारत आले."

मी घरी आलो आणि त्या दिवशी मला रेडिओ लावावासा वाटला नाही. मासळी बाजारात नाना पाय ठेवू शकत नव्हते, हे तर खरंच. पण विकत आणलेल्या माशाने तीन वर्षांचं भांडण मिटत नाही, एवढं त्या हट्टी माणसाला आतून ठाऊक होतं. महिना संपायला आठ दिवस उरले होते. आठव्यात पडल्यावर पोरीला काय खावंसं वाटेल, काय नाही, कुणी सांगावं. तोवर जी गोष्ट मला गंमत वाटत होती तिच्यासाठी मी आता देवाला हात जोडायला लागलो.

पळीची भोवरी फिरली. चांदण्यात पाण्याखालून तांबूस लकाकत यायची. नाना "गोविंदाय नमः" म्हणत दोर फेकायचे, कारण आचमनात पाणी सोडायचं ते गोविंदाच्या नावावर. सातव्या रात्री गोविंदाने ऐकलं. दोर ताणला, नाना ओढले गेले, धोतरासकट गुडघाभर पाण्यात शिरले आणि हातभर मरळ काठावर आणून तिच्यावर चक्क पालथे पडले. सोवळ्यातल्या भांड्याला नख लागलं तर अंघोळ करणारा माणूस तो मासा पोटाशी धरून चिखलात बसला होता. सखाराम म्हणाला, "आता सोडा, साहेब, पळत नाही ते." नाना सोडेनात.

मरळ चिवट. ओल्या फडक्यातसुद्धा तासन्‌तास जगते. पहाटे कडीच्या डब्यात पाणी घालून, वर फडकं बांधून आम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. डब्यातून धडका बसत होत्या. समोरच्या माणसाने विचारलं, यात काय आहे? "गंगाजल," नाना म्हणाले. ते उड्या कावून मारून राह्यलं, असं त्याने विचारल्यावर नानांनी मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं. ओठ हलत होते. सुनेपुढे करायचा युक्तिवाद पाठ चालला होता.

अकोल्याला दार शांतेनेच उघडलं. तिने फोटोवरून ओळखलं, घाईने पदर घेतला आणि अवघडल्या पोटाने वाकायला लागली. नानांनी दोन्ही हातांनी तिला थांबवलं आणि पाठ केलेलं सगळं तिथेच विसरले. डबा पुढे करून एवढंच म्हणाले, "मरळ हाये. जिती हाये. पाह्यून घे."

मागे उभ्या राहिलेल्या श्रीधरने पुढे होऊन डबा दोन्ही हातांनी घेतला.

मरळ शिजली. नाकावर उपरणं धरून नाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून राहिले. श्रीधरने बाहेर चला म्हणून दोनदा सांगितलं तरी हलले नाहीत. नानांनी आणि मी केळी खाल्ली. शांतेने ताट वाढून घेतलं, पण जेवेना. मान खाली घालून म्हणाली, "मामंजी, तुमच्यासमोर हे कसं खाऊ मी? बरं नाही दिसत."

नाना उठले. नाकावरचं उपरणं काढून खांद्यावर टाकलं. पातेल्यातला डाव घ्यायचा सोडून त्यांनी हातानेच एक मोठा तुकडा उचलला आणि तिच्या ताटात ठेवला.

"बसते कायद्यात," ते म्हणाले. "खाय तू."

माझ्या आयुष्यात नानांच्या कायद्यात एवढी एकच गोष्ट बसली. शांता रडत रडत जेवली. नाना तिथेच उभे राहून अजून एक घे, अजून एक घे म्हणत होते.

परतताना गाडीत मी त्यांना केळी सोलून दिली, कारण ते उजव्या हाताने कशाला शिवत नव्हते. मला वाटलं, किळस आली असेल. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. काकू दारातच उभ्या होत्या. नानांनी सबंध दिवसभर न धुतलेला उजवा हात पुढे केला.

काकूंनी तो नाकाशी नेला. माशाचा, लसणाचा, मुलाच्या घराचा वास. तीन वर्षांत पहिल्यांदा काकू रडताना मी पाहिल्या, आणि तो हात त्यांनी किती तरी वेळ सोडला नाही.