तीर्थरूपांच्या कॉलरीवरील माइक ऊर्फ पुलाच्या माहितीपटाची फत्ते

हकीकत ऐसी जे, खासा दिग्दर्शकसाहेब, प्रयोगशील चित्रांचे धनी, यांनी मुलखातील जुन्या पुलाच्या इतिहासावर माहितीपट करण्याची मसलत केली. परंतु पूल हा बहाणा. त्याच पुलावर साहेबांची आणि त्यांच्या ध्वनिमुद्रक सरदारांची प्रीत जडली होती, आणि दोघेही पुरुष, सबब हे वर्तमान तीर्थरूपांच्या कानी घालण्यास साहेबांची छाती होईना. तीर्थरूप त्या पुलाचे निवृत्त इंजिनियर. घरी सरदारांचा हुद्दा 'मित्र' ऐसा चाले आणि चहापुढे त्यांची मजल जात नसे.

मग दोन वर्षे मोहीम चालली. साहेबांनी गंजक्या कठड्याचे चित्रण केले, ते चहा निवून साय धरेल इतके लांब. धुक्याचे केले, स्वतःच्या सावलीचे तर बहुतच केले, आणि यास स्मृती, वासना व इतिहास यांचा संगम ऐसा किताब बहाल केला. पाहणारे जांभया दाबून वाहवा करीत.

अखेर तीर्थरूपांची मुलाखत मुक्रर जाहली. सरदारांनी कॉलरीस माइक लाविला, साहेबांनी कॅमेरा रोखिला, आणि मनीची गोष्ट ओठी आली तो ऐन वेळी कच खाऊन, खांबांचा पाया किती खोल, हेच पुसले. मग काय विचारता! तीर्थरूप पायाभरणीत शिरले ते दुपारपर्यंत बाहेर येईनात.

जेवणवेळ होताच तीर्थरूप माइकासकट स्वयंपाकघरात दाखल जाहले, आणि मातोश्रींशी चाललेली खलबते इकडे सरदारांच्या हेडफोनात उमटू लागली. सरदारांनी घाबरून हेडफोनाची एक वाटी साहेबांच्या कानास लाविली, आणि दोघांनी फर्मान ऐकिले ते ऐसे:

"अगं, पूल कसला न् काय कसला! दोन वर्षं पोरगं मिठाची गुळणी धरून बसलंय. मी विचारलं तर बिचकेल. त्या हेडफोनवाल्याला आज जेवायला थांबव. आपलाच आहे तो."

मातोश्रींनी, हे आपण कधीचे म्हणत आहो, पण या घरात ऐकतो कोण, ऐसा जबाब दिला.

सरदारांनी शर्टाच्या बाहीसच नाक पुसले. मग चौघे जेवावयास बसले आणि साहेबांनी सर्व बळ एकवटून, "बाबा, आम्ही दोघं…" इतके उच्चारिले, तोच तीर्थरूपांनी हात वर करून, कॉलरीचा माइक उपटून ताटाशेजारी पालथा ठेविला आणि हुकूम फर्माविला:

"बंद कर आधी हे. हं. आता बोल."

पुढे साहेब काय बोलिले, ते कोठेही मुद्रित नाही. गड हाती आला, इतकेच येथे नमूद असे.