मधुकाकांचा मॅगपाय

आमच्या शेजारचे मधुकाका परांजपे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीशी रोज भांडत. कुंपणाच्या पलीकडे सत्तरीतले काका, अलीकडे चाकांच्या खुर्चीत इरा, आणि दोघांच्या तोंडाला मास्क. विषय काहीही चाले. ऑस्ट्रेलियात, आमच्या वॉलॉंगॉंगला लॉकडाउन होता. बाहेर पडायला बंदी होती, भांडायला नव्हती.

काकांचं प्रत्येक वाक्य "चूक"ने सुरू होई. गुड मॉर्निंग म्हटलं, तर "चूक. सव्वाबारा वाजलेत." स्टीलवर्क्समध्ये तीस वर्षं त्यांनी क्रेन चालवली. तिथे वर एकटं बसून भांडायचं राहून गेलं, ते आता भरून काढतोय, असं सांगत.

इराशी बोलताना लोकांचा आवाज मऊ होतो, मान तिरकी होते. काका तिला सरळ मठ्ठ म्हणत. मला ते खटके.

"काका, तिच्याशी जरा सांभाळून बोला."

"का? कानाला काय झालंय तिच्या?"

ऑक्टोबरात लॉकडाउन उठला आणि इराने हॅलोवीनला भीतिदायक वेश करून गल्लीत घरोघर फिरायचं ठरवलं. दुकानातले पोशाख उभ्या मुलांचे. बसलं की पोटाशी गोळा होतात, टोकं चाकात जातात. काका दरवर्षी गणपतीचं मखर घरी करत, म्हणून त्यांनाच विचारलं. आणि इरा ऐकत नाही असं बघून हळूच म्हणालो, "खुर्ची झाकली जाईल असं काहीतरी करा."

हे लिहिताना लाज वाटते. पुण्याला आईला पाठवायचे इराचे फोटोही मी छातीपर्यंतच काढत असे.

काकांनी आठवडाभर खपून घरात साठलेली पार्सलांची खोकी कापली. खांब, कमान, वर सोनेरी कागद. खुर्चीचा मागमूस उरला नाही. मधोमध इरा बसली आणि माझ्या बायकोचे हात आपोआप जोडले गेले.

"आय लुक लाइक गणपती," इरा म्हणाली. "लोक मोदक देतील मला."

"चूक. इथे मोदक करतंय कोण?"

"काका, आय वॉन्ट टु स्केअर देम. मला कुणी घाबरतच नाही. एव्हरीवन जस्ट गोज 'ऑ'."

काका भांडले नाहीत. मखराभोवती त्यांनी एक प्रदक्षिणा घातली. मग म्हणाले, "खुर्ची चालव बघू." इरा पुढे गेली, वळली, परत आली.

"आवाज नाही हिला."

"बॅटरीवरची आहे," मी म्हणालो. "मागून आली तरी कळत नाही."

"अरे, मग हा मॅगपाय आहे."

मॅगपाय म्हणजे इथला काळापांढरा पक्षी. वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, घरट्यात पिल्लं असली की तो मागून गुपचूप येतो आणि डोक्यावर झडप घालतो. धिप्पाड सायकलवालेही त्याच्या झाडाखालून जायला कचरतात.

मखर मोडलं. दोन जुन्या काळ्या छत्र्यांचे पंख झाले, उशीच्या अभ्र्याची मान, पुठ्ठ्याची चोच. पंख चाकांच्या वर वीतभर. उजवा हात खुर्ची चालवायला मोकळा, डाव्या हातात दोरी; ओढली की दोन्ही पंख उघडायचे.

"खुर्ची झाकायची नाही," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "अर्धा पक्षी तीच आहे."

हॅलोवीनच्या संध्याकाळी ऊन अजून रेंगाळत होतं. समुद्राचा वारा होता, आणि हातातून द्यायला नको म्हणून लोकांनी कुंपणांवर कपड्यांच्या चिमट्यांनी लॉलीज, म्हणजे मुलांसाठी गोळ्या, लावल्या होत्या. त्या वाऱ्यावर सगळी गल्ली हलकेच हलत होती. पहिल्या घरी "ऑ, गॉर्जस". दुसऱ्या घरी "सो ब्रेव्ह". इराची चोच खाली झुकली. मी मागून चालत होतो. परत फिरूया म्हणणार होतो.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा टेरी दिसला. सहा फुटी माणूस, पाठमोरा, चिमटे लावण्यात गुंग. इरा फुटपाथवरून तरंगत गेल्यासारखी गेली आणि तिने दोरी ओढली. फट्ट.

टेरीने मागे वळूनही पाहिलं नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन तो पळाला आणि स्वतःच्याच झुडपात शिरला. आतून एक शिवी आली. मग त्याने डोकं बाहेर काढलं. "यू लिटल टेरर," तो म्हणाला, धापा टाकत, चक्क चिडून. इराच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

मी काकांना सांगायला गेलो. ते बाहेर आलेच नव्हते, गॅरेजमध्ये बसून होते.

"किती पावलं पळाला?"

"पाच. मग झुडपात."

"शिवी दिली?"

"दिली."

काकांनी समाधानाने मान हलवली. छत्रीची उरलेली तार बोटाभोवती गुंडाळत बसले. आम्ही इथे राहायला येण्याआधीच त्यांच्या पत्नी सिंधूकाकू गेल्या होत्या, एवढंच मला माहीत होतं.

"सिंधू शेवटचं वर्ष खुर्चीत होती," ते म्हणाले. "सगळे तिच्याशी हळू बोलायचे. मीसुद्धा. चाळीस वर्षं रोज भांडलो आम्ही. ती खुर्चीत बसली आणि मी प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणायला लागलो. एकदा ती म्हणाली, 'अहो, मी अजून इथेच आहे.' त्यालाही मी 'बरं' म्हणालो."

बाहेरून इराची हाक आली, "बाबा, मी खालच्या गल्लीत चाललेय. यू डोन्ट हॅव टु कम."

"सांभाळून" हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तो गिळला.

आम्ही दोघं गॅरेजच्या दारात जाऊन उभे राहिलो. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावरून ती पंख उघडे ठेवून निघाली होती, जराही आवाज न करता, आणि समोरून येणारी माणसं बाजूला होत होती.