वाघाच्या रक्ताची चाल

रक्तावनं घराणं कळतं म्हणून कागद फडकवत आला न्हवं त्यो पाहुणा? कळू दे. मला नको शिकवू म्हणावं. पोरांनो, तुमी हिकडं बसा अन् ऐका.

एका जंगलात डोबाजी रेड्याचा बँड व्हता. डोबाजी स्वतः क्लॅरिनेट फुकायचा. मोठा ढोल बंब्या गाढवाच्या गळ्यात. बंब्या म्हंजी जुना गडी. ताल सोडील, पण डोबाजीला सोडायचा न्हाई.

तिथं शहरातनं शिकून एक बगळा आला. म्हणाला, ज्याच्या त्याच्या रक्तात घराण्याची चिठ्ठी असती, चारच अक्षरांत लिहिलेली. एकेका अक्षराला एकेक सूर दिला की झाली बँडाची चाल. मासल्याला त्यानं बंब्याच्या रक्ताचा थेंब घेतला अन् चाल लिहून दिली. बँडानं महिनाभर तीच घोटली. सारं जंगल ऐकून ऐकून विटलं. बंब्याला मात्र लई आवडली.

हे वाघाच्या कानावर गेलं. त्याच्या पोराचं लगीन ठरलेलं. डोबाजीला सुपारी धाडून त्यानं सांगितलं, वरातीत आमच्याच रक्ताची चाल वाजली पायजे. जंगलाला कळू दे घराणं काय असतं ते.

बगळ्यानं वाघाचा थेंब घेतला, कागद लिहून दिला. वरात निघाली. डोबाजीनं कागद बघून सूर धरला. चार पावलं झाली न्हाईत, तवर बंब्यानं आपला कागद लाल कोटाच्या खिशात घातला. डोळं मिटलं अन् बिनचूक बडवाय लागला.

कोल्हीण वहिनी म्हणाली, "अगं बया, ही तर बंब्याची चाल."

वरात थांबली. नवरीकडचं वऱ्हाड एकमेकांकडं बघाय लागलं. वाघानं डोबाजीला बाजूला घेतलं.

"चाल बदल. न्हाईतर ढोलवाला जेवणात."

बगळा मधी पडला. सगळ्यांचं रक्त बरंचसं सारखंच असतंय, म्हणाला, त्याला मी काय करू, लिहिलंय ते बरोबर हाय.

डोबाजीचं टाळकं फिरलं. "बरोबर घाल चुलीत. ह्यो गेला तर ढोल काय तुझा बाप वाजवणार?"

अन् त्यानं कागद उलटा धरला. खालचं वर, वरचं खाली. तसाच फुकला. डुक्कर काट्याच्या कुपाटीत अडकल्यागत आवाज निघाला. बायांनी कानांवर हात ठिवलं.

"ह्याला म्हणत्यात वाघाचं रक्त," वऱ्हाड म्हणालं. वाघाच्या डोळ्याला पाणी आलं. त्यो सोता नाचला. बंब्यानं डोळं उघडून जमंल तसं बडवलं.

बगळा मात्र मांडवात बी खरं सांगत फिरत व्हता. दुसऱ्या दिशी मांडव झाडताना पांढरी पिसं निघाली.

तात्पर्य: रक्त खोटं बोलत न्हाई. म्हणून वाजवताना कागद उलटा धरावा.

त्यो पाहुणा अजून ओट्यावर कागद घेऊन बसलाय. उठा. जा, त्याच्या हातातला कागद उलटा करून या.