राजाच्या तलवारीचा वेग

कुंडलिकने माझ्या पाठीत मुद्दाम तलवार हाणली हे सिद्ध करायला लेकीची मदत घ्यायची, एवढंच मी ठरवलं. (माणसाने आजारपणात काही ठरवू नये.)

आमच्या कांदिवलीच्या मालवणी मंडळात दरवर्षी दशावतारी नाटक होतं. कुंडलिक राजा, मी राक्षस. यंदा सेक्रेटरीच्या निवडणुकीत मी त्याच्याविरुद्ध मत दिलं आणि नेमकी यंदाच राक्षसाची पाठ सुजली. वर हा गृहस्थ रोज बांगडे घेऊन माझी चौकशी करायला यायला लागला, तेव्हा तर माझा संशय पक्काच झाला. (बांगडे मी खाल्ले. परत करणं बरं दिसत नाही.)

आमची ऋतिका कार्टूनमधल्या हिरोंचे ठोसे ताशी किती किलोमीटरचे, यावर नेटवर भांडत असते. व्हिडिओ थांबवत फ्रेम मोजायच्या, सेकंदाला तीस; अंतरासाठी ओळखीची वस्तू धरायची. मी तिला नाटकाचा व्हिडिओ दिला. तलवार लाकडी, तीन फुटी. वेग कागदावर आला की रविवारच्या मीटिंगमध्ये कुंडलिकला नाटकातून काढायचंच.

तिची मोजणी संपत आली आणि कुंडलिक पिशवी घेऊन हजर. मी त्याला मुद्दाम बसवून घेतलं.

"काकांची तलवार ताशी चार किलोमीटर," ऋतिका म्हणाली. "आजी देवळात जाते तो स्पीड."

"मग माझी पाठ?"

"तलवार पोचायच्या बारा फ्रेम आधीच तू पडलायस, पप्पा. हार्मोनियमवर."

कुंडलिक माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे माजी तलवार तुका लागाकच नाय? आठ दिस माका झोप नाय रे, चंदू."

मला मनापासून लाज वाटली. त्याचा हात धरून मी माफी मागणार, तेवढ्यात मेथी निवडता निवडता मालनने, म्हणजे आमच्या हिने, लेकीला व्हिडिओ पुढे न्यायला सांगितलं. विंगेत भजीचं ताट आलं होतं. मेलेला राक्षस उठून तिकडे निघाला होता.

"ताशी अकरा," ऋतिकाने मोजून सांगितलं.

मालनने माझ्या पाठीखालची शेकायची पिशवी काढली आणि बाजाराची हातात दिली.

रविवारी मंडळात एकच ठराव झाला: नाटक संपेपर्यंत भजी तळायला घ्यायची नाहीत. मांडला कुंडलिकने, अनुमोदन आमच्या हिचं.