तडा न गेलेलं कोर्ट

कट्ट!

कुणी अडकित्त्यात सुपारी धरून फोडावी, तसा तो आवाज होता. जयवंत मुकादमांनी तो ऐकला त्याला छत्तीस वर्षं झाली. आखातातल्या वाळवंटात एका शाळेसाठी त्यांनी आयुष्यातलं पहिलं बास्केटबॉलचं कोर्ट ओतलं होतं. पाणी मारण्यात एक दिवस हयगय झाली आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी कोर्ट या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकलं. इंजिनिअरसाहेब आले. तड्याच्या कडेकडेने चालत शेवटपर्यंत गेले, वळून जयवंतांकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेले.

शिव्या दिल्या असत्या तर जयवंत संध्याकाळपर्यंत विसरले असते. (शिव्यांची त्यांना सवय होती. त्यांचं लग्न होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.) पण ते न बोलणं मनात रुतून बसलं.

त्यानंतर एकोणीस वर्षं त्यांनी वाळवंटात कोर्टंच केली, पण पुन्हा एकालाही तडा गेला नाही. त्यांची रीत ठरलेली होती. लोखंडी जाळी दुप्पट. जमीन इतकी सपाट की मधोमध गोटी ठेवली तर तिथेच बसून राहील. आणि चारी बाजूंनी चार बोटं उंच कठडा, म्हणजे वाळू आत येत नाही आणि मारलेलं पाणी बाहेर जात नाही. सकाळी कोर्ट पाण्याने भरायचं, संध्याकाळपर्यंत ऊन ते पिऊन टाकायचं. दुसऱ्या दिवशी परत भरायचं. असे सात दिवस.

आता ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि न्यूझीलंडमधल्या अप्पर हट नावाच्या गावी मुलाकडे राहत होते. मुलगा धम्मपाल फार्मासिस्ट. सून मैत्रेयी नर्स. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं, आणि बायको द्रौपदीबाई कुठल्याच मशीनवर विश्वास नसल्यामुळे दोन्हींवर देखरेख करायच्या. एकटे जयवंत तेवढे बिनकामाचे होते.

नात आरुषी अकरा वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण बोलताना अर्धं इंग्रजीच यायचं. आजोबांशी तिची दिवसभरात तीन वाक्यं होत. "हाय आबा." "नो थँक्स आबा." "बाय आबा." मधल्या वाक्याच्या वेळी जयवंतांच्या हातात बहुधा राजगिऱ्याची वडी असायची.

एका संध्याकाळी जेवताना आरुषी म्हणाली, "डॅड, नेटबॉलच्या ट्रायल्स तीन वीक्सवर आल्या. मला शूटिंगची प्रॅक्टिस हवीय."

"बॉल टाकायची रिंग आणतो. लॉनवर उभी करू."

"लॉनवर पाय स्लिप होतात!"

जयवंतांनी चमचा खाली ठेवला. (ते जेवताना बोलणार असले की आधी चमचा ठेवत. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.)

"मी... करून देतो."

"काय बाबा?"

"कोर्ट."

"झालं," द्रौपदीबाई म्हणाल्या. "आता हे वाळवंट इथं आणणार."

"बाबा, इथे त्या कामाला माणसं मिळतात."

"मी पण माणूसच आहे," जयवंत म्हणाले. तिथेच सगळं ठरलं.

मार्चचा पहिला आठवडा. ऊन कडक होतं. निदान द्रौपदीबाईंनी एका दिवसापुरता स्वेटर काढला होता. जयवंतांनी मागच्या अंगणातलं गवत खरवडलं, खडी ठोकली, दुप्पट जाळी बांधली. काँक्रीटची गाडी आली. गुडघ्यांवर बसून त्यांनी स्वतः थापी फिरवली. आरुषी पायरीवर बसून बघत होती.

"आबा, तू खरंच रिअल कोर्ट्स बनवायचास?"

हे चौथं वाक्य! शिवाय प्रश्न! त्या आनंदात जयवंतांनी कठडा चार बोटांऐवजी पाच बोटं केला.

कुंपणापलीकडे हेमी राहायचे, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी डोकं वर काढून माओरी भाषेत नमस्कार केला. "किया ओरा, जय!"

"किया ओरा," जयवंत म्हणाले. त्यांचं परदेशी भाषेतलं संभाषण इथे संपत असे. पुढचं धम्मपालने सांभाळलं.

"हेमी म्हणतात, काम फार सुंदर आहे. पण पाणी कुठून जाणार?"

जयवंतांची छाती फुगली. "सांग त्यांना. एक थेंब जाणार नाही."

धम्मपालने सांगितलं. हेमींनी कोर्टाकडे बघितलं, मग आकाशाकडे, मग पुन्हा जयवंतांकडे. "स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं ते म्हणाले आणि डोकं खाली गेलं.

जयवंतांनी सात दिवस पाणी मारलं. आठव्या दिवशी कोर्ट सुकायला हवं होतं. ते भरलेलंच होतं.

"उद्या ऊन पिईल," जयवंत म्हणाले.

पण इथलं ऊन संकोची पाहुण्यासारखं. यायचं, दारात उभं राहायचं आणि घोटभर पाणीही न घेता परत जायचं. दहाव्या दिवशी पाऊस आला. बाराव्या दिवशी मोठा आला. कोर्टात पाच बोटं पाणी झालं आणि धम्मपालने आणून लावलेल्या रिंगचा खांब नदीतल्या देवळासारखा पाण्यात उभा राहिला.

तेव्हा कुठे जयवंतांच्या लक्षात आलं की पाणी बाहेर काढायला त्यांनी भोकच ठेवलेलं नाही. एकोणीस वर्षांत कधी ठेवलं नव्हतं. तिथे पाणी टिकवणं मुश्कील, बाहेर कोण काढणार?

त्यांनी बादली घेतली. दोन दिवस उपसलं. तिसऱ्या दिवशी आभाळाने दोन तासांत भरून दिलं.

"लोक विहिरीला पाणी लागत नाही म्हणून रडतात," द्रौपदीबाई खिडकीतून म्हणाल्या. "यांनी अंगणात ठोकळा ठेवला आणि त्याला पाणी लागलं."

"तडा नाही गेला," जयवंत हळूच म्हणाले.

"माझ्या डोक्याला गेला ना!"

संध्याकाळी ते कठड्यावर बसून कान देऊन ऐकत. जन्मात पहिल्यांदा त्यांना वाटत होतं, तो आवाज यावा. एकदाच. बारीकसा चालेल. कुठेही फट पडावी. पण कोर्ट गप्प होतं.

आरुषीने हेमींच्या ड्राइव्हवेवर प्रॅक्टिस केली, तिथल्या उतारावर. ट्रायल्स झाल्या. तिला टीममध्ये नाही, रिझर्व्हमध्ये घेतलं. घरी येऊन ती म्हणाली, "इट्स फाइन, आबा." जयवंतांना इंग्रजी येत नव्हतं, पण तडा गेलेला त्यांना ओळखता यायचा.

त्या आठवड्यात बदकं आली. दोन. सकाळी उतरली, कोर्टाची एक फेरी मारली आणि हे आपल्यासाठीच बांधलंय अशा थाटात राहिली.

आरुषी शाळेतून आली ती दप्तर न काढता कठड्यावर जाऊन बसली. जयवंत बाजूला बादली घेऊन उभे होते.

"आबा, बस ना. ही बघ, आजीसारखी चालते. आणि हा तू."

"मी कसा?"

"काहीच बोलत नाही. तिच्या मागे मागे जातो."

रोज साडेतीनला ती फ्रीजरमधल्या मटारची वाटी घेऊन यायची. एक मूठ ती टाकायची, एक आबांच्या हातावर ठेवायची. मटार संपेपर्यंत ती बोलायची. टीमबद्दल, शाळेतली नवी बाई कशी आहे, कोण कुणाशी बोलत नाही. मराठीत शब्द नसला की बदकांकडे बघून इंग्रजीत सांगायची. एकदा तर तिने राजगिऱ्याची वडी मागून घेतली.

जयवंत मान हलवत ऐकायचे आणि आतून तुटायचे. पोरगी किती गुणाची, त्यांना वाटायचं. तिचं कोर्ट बुडालं, टीम गेली, आणि म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून रोज त्याच्यापाशी येऊन बसते! या मुलीला कोर्ट मिळालंच पाहिजे.

त्यांनी छिन्नी आणि हातोडा काढला. ती शाळेत गेली की कठड्याला भोक पाडायला बसायचे. पहिल्या दिवशी छिन्नी वाकली. दुसऱ्या दिवशी हातोड्याचा दांडा तुटला. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. (कोर्ट होतं तसंच होतं.) आपणच दुप्पट घातलेल्या जाळीला त्यांनी त्या तीन दिवसांत, मनातल्या मनात, एकोणीस वर्षांच्या साठवलेल्या शिव्या दिल्या.

"आरुषीचे आजोबा, पुरे आता," द्रौपदीबाई तेल चोळत म्हणाल्या. "पोरगी बोललीय का काही?"

"बोलत नाही म्हणून तर."

"बोलत नाही? रोज तासभर बडबड करते ती कोण?"

पण जयवंतांनी ते ऐकलं नाही. ज्याच्या डोक्यात काँक्रीट असतं, त्याला पाणी लवकर लागत नाही.

बुधवारी हेमींनी कुंपणावरून मोठं ड्रिल मशीन दिलं. सकाळी दहाला जयवंतांनी सुरू केलं आणि साडेअकराला कठडा आरपार झाला. पाणी गटगट आवाज करत गवतात उतरलं. बदकं मधोमध उभी राहिली. पाणी पोटाखाली आलं, पायाखाली आलं, मग नाहीच राहिलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, कठडा उतरली आणि कुंपणाखालून हेमींच्या वाफ्यात गेली. मागचं बदक क्षणभर थांबलं होतं.

जयवंतांना बघायला वेळ नव्हता. त्यांनी कोर्ट झाडलं, फरशीसारखं पुसलं, द्रौपदीबाईंचा नवा टॉवेल घेऊन कोपरे कोरडे केले. आणि ऊनसुद्धा पडलं! कोर्ट चकचकत होतं. एक रेष नाही.

साडेतीनला आरुषी आली. दप्तर पाठीवर, हातात मटारची वाटी.

"बघ," जयवंत म्हणाले. "सुकलं. आता तुझं. तडा शोधून दाखव."

आरुषी कोर्टावर चढली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली. भोकापाशी वाकली. रिंगकडे तिने बघितलंच नाही.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "अहो मुकादम! त्या कोर्टावर यायला राजी असलेले दोनच गडी होते. त्यांना पण हेमींकडे हाकललंत?"

जयवंतांनी कुंपणाकडे बघितलं. मग मटारच्या वाटीकडे. आणि मग, नेहमीप्रमाणे सावकाश, त्यांना कळलं.

"आरुषी, मी बूच लावतो," ते घाईने म्हणाले. "लाकडाचं. एकदम घट्ट बसेल... नळ सोडतो..."

आरुषीने परत येऊन एक मूठ मटार त्यांच्या तळहातावर ठेवले, रोजच्यासारखे. मटार बर्फासारखे गार होते. मग वाटी सांभाळत ती कठड्यावरून उतरली आणि काही न बोलता हेमींच्या फाटकाकडे चालत गेली.