खडकावरची लंगडी शेळी

पेशंट तपासायला म्युझियममध्ये जाणारा डॉक्टर मी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये एकच पाहिला: आमच्या वरच्या मजल्यावरचे जगतापकाका. फलटणकडे चाळीस वर्षं गुरांची डॉक्टरकी केली आणि काकू गेल्यावर इथे लेकीकडे राहायला आले. इथली कुत्रीसुद्धा अपॉइंटमेंट घेतल्याशिवाय आजारी पडत नाहीत. काका अगदी बेकार.

त्यांचा वेळ जावा म्हणून एकदा मी त्यांना एकोणिसाव्या शतकातल्या रुमेनियन चित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. एका चित्रात उघडेबोडके खडक आणि त्यांवर पाच-सहा शेळ्या. काका चष्मा कपाळावर चढवून पुढे वाकले.

"उजवीकडची लंगडतेय बघ. खुरात पू झालाय. कुणाचं लक्षच नाही!"

"काका, चित्र काढून शंभरावर वर्षं झाली."

"म्हणजे दुखणं जुनं आहे. सांग त्या बाईंना."

दालनात पहाऱ्याला बसलेल्या बाईंना मी लाजत लाजत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "आल्झो," म्हणजे आपलं 'बरं तर', म्हणत त्यांनी अभिप्रायाचा फॉर्म पुढे केला. लेखी द्या! काकांनी मराठीत निदान लिहिलं, 'कोरड्या जागी बांधावी' असा सल्ला दिला आणि झोकात सही ठोकली.

तेव्हापासून दर गुरुवारी काकांची फेरी ठरलेली. "जनावर आपणहून येत नाही, आपण जायचं असतं," हे त्यांचं पालुपद. बाई त्यांच्यासाठी चित्रासमोर खुर्चीसुद्धा मांडून ठेवू लागल्या. पण प्रदर्शन संपून शेळ्या रुमेनियाला परत जाणार हे कळलं आणि काकांचं जेवणावरचं मन उडालं.

शेवटच्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेलो. "पेशंट कशी आहे?" बाईंनी विचारलं. मी ते मराठीत सांगितलं.

"म्हणावं, आज मी थांबतो."

आणि थांबले की! दिवे मालवायला सुरुवात झाली तेव्हा कुठे उठले. माझ्या पोटात कावळे ओरडत होते.

ट्राममध्ये मी चिडवलं, "एका लंगड्या शेळीसाठी तीन तास, काका?"

काका हसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमची ही दवाखान्यात होती ना, तेव्हा शेजारच्या गावात गाय अडली होती. ही म्हणाली, मी बरी आहे, तुम्ही जा. मी गेलो. वासरू झालं छान. परत आलो तर खाट रिकामी."

मी त्यांच्याजवळ सरकून बसलो.

"आज मात्र," काका म्हणाले, "शेवटपर्यंत थांबलो."